ओळंब्यात न बसणारा मासा

त्या गवंड्याला सगळे ‘ओळंबा मिस्त्री’ म्हणायचे. खिशात रुमाल नसला तरी चालेल, पण दोरीला बांधलेला तो पितळी गोळा हवाच. कुणाकडे गेला की चहाचा कप हातात आणि डोळा चौकटीवर. मुलीचं लग्न ठरवायला गेला तिथेही म्हणाला, “दार सुताभर कललंय तुमचं.” सोयरीक मोडता मोडता राहिली.

आणि अशा माणसाच्या हातून आयुष्यात एकच चूक झाली, तीही सगळ्या विद्यापीठासमोर.

चाळीस वर्षांपूर्वी विद्यापीठ नवं उभं राहत होतं. आर्किटेक्टने हट्टच धरला होता की चित्रं आतमध्ये फ्रेममध्ये टांगायची नाहीत, भिंतच चित्र व्हायला हवी. म्हणून लायब्ररीच्या चार मजली भिंतीवर रंगीत काचतुकड्यांचे दोनशे मासे आले, सगळे दाराकडे निघालेले. प्रत्येक माशाचे तुकडे एका कागदावर पालथे चिकटवून यायचे. मिस्त्रीने तो कागद भिंतीवरच्या सिमेंटच्या ओल्या मसाल्यावर दाबायचा आणि दुसऱ्या दिवशी धुऊन काढायचा. चित्र दिसायचं ते तेव्हाच. वरची बाजू कुठली, हे सांगायला कागदावर एक बाण असायचा.

एका कागदाचा बाण मिस्त्रीने खाली केला. दुसऱ्या दिवशी कागद धुतला आणि बघतो तर काय. एकशे नव्व्याण्णव मासे लायब्ररीकडे आणि एक दिवटा पोट वर करून घराकडे.

मासे काढणारा चित्रकार आला आणि बघून गेला, मसाला तोवर वाळला होता. पुढे प्राध्यापकांनी त्या माशात बंडखोरी शोधली, मग एकटेपणा शोधला, दोघातिघांना त्यावर डॉक्टरेटही मिळाली. नापास झालेली पोरं त्याच्याखाली बसून डबा खायची. मिस्त्री मात्र लाजेने त्या बाजूला फिरकला नाही, बायकोलाही कधी नेलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचा, “तिकडे ऊन फार.”

यंदा भिंतीचे तुकडे सुटायला लागले. दुरुस्तीच्या इंजिनिअरबाईंना जुना नकाशा सापडला, आणि त्यात सगळे मासे एका दिशेला. त्यांनी मिस्त्रीला बोलावलं. म्हाताऱ्याला हर्ष झाला. निदान मरायच्या आधी ते कुसळ डोळ्यातून निघणार होतं.

“मीपण येते,” बायको म्हणाली.

“तिकडे ऊन फार.”

“छत्री घेते.”

भिंतीपाशी बाईंनी नकाशा उलगडला. “मिस्त्री, कागद खरा की भिंत?”

“कागद खरा,” मिस्त्रीने मान खाली घातली. “चूक माझी. त्या दिवशी माझं लक्ष नव्हतं. आता फिरवून टाका, म्हणजे मी सुटलो.”

बाईंनी खडूने माशाभोवती चौकट आखली आणि छिन्नीवाल्याला हाक मारली.

“लक्ष कुठे होतं ते नाही सांगितलंत,” बायको छत्री मिटत म्हणाली. मिस्त्री कानापर्यंत लाल झाला. ती बाईंकडे वळली. “मी तेव्हा याच कामावर होते. मसाल्याची घमेली वाहायचे. हा माणूस सकाळपासून माझ्याकडे बघत होता. कागद उलटा लागला तेव्हा मी तीन पावलांवर होते. बाण मला दिसला होता.”

मिस्त्री गर्रकन तिच्याकडे वळला. चाळीस वर्षं ज्या गोष्टीने त्याची झोप उडवली, ती हिला ठाऊक होती.

“मग बोलली का नाहीस? मसाला ओला होता. तेव्हाच फिरवला असता.”

“बोलले असते, तर तुम्ही भिंतीकडे बघायला लागला असता.”

छिन्नीवाला येऊन उभा राहिला. बाईंनी मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्रीने खिशातून ओळंबा काढला, दोरी माशाशेजारी धरली आणि गोळा थांबेपर्यंत वाट बघितली. पण नजर त्याची दोरीवर नव्हती, छत्री धरलेल्या म्हातारीवर होती.

“बरोबर आहे,” तो म्हणाला. “राहू द्या तसाच.”