सरकीचा विनोद

एप्रिल १९७९. सिंदी रेल्वे या गावातल्या एका कापसाच्या जिनिंगमधला हंगामाचा शेवटचा दिवस. हजर: मॅनेजरसाहेब, फिटर, सरकी उचलणाऱ्या बाया, हजेरी घेणारा मी, आणि तो. तो म्हणजे, कोणी हसलं की त्याच्या पोटावर तळहात ठेवून हसू खरं की खोटं ते तपासणारा. बायांच्या बाबतीत खांदे हलतात का, एवढं बघून भागवायचा.

तो जन्मापासून बहिरा. पण तुम्ही कधी जिनिंगमध्ये उभे राहिला असाल तर तुम्हाला ठाऊक आहे, कापसातून सरकी काढणारे रेचे सुरू झाले की सगळेच बहिरे. मग सारा कारभार हातांनी चाले, आणि हातांच्या राज्यात त्याच्याइतका वाचाळ माणूस नव्हता. अडून बसलेला बैल, साहेबांची चाल, एसटीत उभ्याने झोपलेला पाव्हणा. फिटर पान्हा खाली ठेवून हसायचा. रेचे थांबले की मात्र आमची तोंडं सुरू व्हायची आणि तो एकटा पडायचा.

त्या दिवशी चहाला तेच झालं. साहेब कोल्हापूरकडचे, बोलण्यात सारखं 'ये की', 'बस की'. सकाळी त्यांनी ढिगाकडे बोट करून नव्या बाईला विचारलं होतं, "सरकी?" ती जरा सरकली. साहेब पुन्हा म्हणाले, "अहो बाई, सरकी!" ती थेट भिंतीला जाऊन टेकली.

"मले वाटलं, सायेब 'सरक की' म्हणून राह्यले," ती चहा पिताना म्हणाली. साहेबांसकट सगळे हसले.

त्याने माझी बाही ओढली. मी खुणेने सांगितलं, नंतर. त्याने माझा कप काढून घेतला. आत्ता.

मी चिमटीत सरकी दाखवली, बाजूला होणं दाखवलं, भिंत दाखवली. त्याने विचारलं, सरकीला भ्यायची काय गरज? मी कान दाखवला. तो माझ्या कानात डोकावला, सरकी तिथेच अडकली असावी तसा. बाया पुन्हा हसल्या. तो हसला नाही. हा विनोद त्याचा होता. त्याला आमचा हवा होता.

"सोडा ना बाबूजी, त्याले नाई समजत," फिटर म्हणाला.

त्याला सगळं समजत होतं. तोंडाला 'सरकी' आणि 'सरक की' एकच लागतात, हातांना दोन वेगळे. गाडी तिथे अडत होती.

मग दर हंगामात तो विचारू लागला: चिमटी, आणि उंचावलेली भुवई. मी सारख्या दिसणाऱ्या पण अर्थ वेगळा असलेल्या खुणांच्या जोड्या शोधत राहिलो, अगदी जेवतानासुद्धा. बायको म्हणे, "माशा हाकलून राह्यले का?" एक जोडी सापडली, ती त्याला दाखवली. तो हसला, मग मान हलवली. हा नाही. तो.

पुढे तो कायमचा लेकीकडे आर्वीला निघाला. बसच्या खिडकीतून चिमटी, भुवई. मी हात झटकले: नाही जमलं. त्याला वाचता येत नाही. आलं असतं तरी कागदावर 'सरक' आणि 'की' यांच्यामध्ये जागा सुटतेच. त्याने दोन्ही हातांनी सांगितलं, तयार झाला की घेऊन ये.

आर्वीला रोज बस आहे. विनोद अजून तयार नाही.