पाड्याचा नळ आणि कमलताई

कमलताई कुणालाही ‘होईल’ म्हणत नसत. आमदार झाल्यावर रोज सकाळी अंबरनाथच्या घरी माणसं जमायची. ताई प्रत्येकाचं नीट ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, “बघते. नाही झालं तर तसंही सांगेन.” आम्हा कार्यकर्त्यांना हे बोलणं जड जायचं. दुसऱ्या नेत्यांकडून लोक आश्वासन घेऊन खुशीत परतत.

कारखान्यातल्या कामगाराची ही मुलगी. आधी शाळेत गणित शिकवायच्या, रविवारी विहारात पोरांचे मोफत वर्ग घ्यायच्या. उल्हासनगरचे सिंधी व्यापारी त्यांना ‘दीदी’ म्हणत, पाड्यांवरच्या बाया ‘बाय’. मी त्यांचं कार्यालय सांभाळायचो.

तेव्हा बदलापुरात इमारतींमागून इमारती उभ्या राहत होत्या आणि पाणी पुरत नव्हतं. धरणात शेतं गेलेल्या एका पाड्यावरच्या बाया मात्र अजून डोंगर उतरून झऱ्यावर जायच्या. शहराला जाणारी जलवाहिनी त्या पाड्याच्या पायथ्यावरूनच गेलेली. मंत्रालयात खेपा घालून ताईंनी तिथून पाड्याला जोडणी मिळवली.

नेमकं त्याच उन्हाळ्यात बदलापूरला पाणी दिवसाआड येऊ लागलं. खरं कारण त्या वाढत्या इमारती होत्या, पण आमदारबाईंनी पाणी पळवलं अशी आवई उठली. रिकामे हंडे घेऊन मोर्चा घरावर आला. पक्षातल्या वरिष्ठांचा फोन आला, अधिकाऱ्यांनी परस्पर जोडणी दिली म्हणा आणि मोकळ्या व्हा. ताईंनी फोन ठेवला, मोर्च्यातल्या बायकांसाठी अंगणात खुर्च्या मांडायला लावल्या आणि बाहेर आल्या.

“जोडणी मीच द्यायला लावली. ज्यांची शेतं धरणात गेली, त्यांना निदान प्यायला तरी नको का?”

“मतं आमची आणि नळ त्यांना?” एका बाईंनी विचारलं.

“मतं तुमची, म्हणूनच तुमच्याशी खोटं बोलत नाही.”

पुढच्या निवडणुकीत ताई पडल्या. पाड्याच्या मतदान केंद्रावरही विरोधकच पुढे होता. मी चिडलो, ताईंसमोरच पाड्यावरच्या लोकांना नाही नाही ते बोललो. ताईंचा चेहरा उतरला होता.

“मतासाठी दिलं असतं ना,” त्या म्हणाल्या, “तर आज परत घ्यावंसं वाटलं असतं.”

रस्त्यावर गुलाल उडत होता. ताईंनी निवडून आलेल्या उमेदवाराला फोन लावला, त्याचं अभिनंदन केलं. तो आभार मानून ठेवणार, एवढ्यात म्हणाल्या, “भाऊ, त्या पाड्यावर पाणी चढवणारी मोटर जळायला आलीय. उन्हाळ्याआधी तेवढी बदलून घ्या.”