देवाच्या बोकडाची कलेजी

मी कलेजी खात नाही. मटण खाते, सुकट खाते, खेकडे तर मोडून चोखून खाते. पण ताटात कलेजीचा तुकडा दिसला की ताट बाजूला सारते. सुनांना वाटतं, म्हातारीनं काही व्रत धरलंय. व्रत कसलं डोंबलाचं. राग आहे तो, आणि इतकी वर्षं मी तो नीट सांभाळलाय.

लग्न होऊन पोलादपूरच्या वरच्या अंगाला, घाटाच्या पायथ्याच्या वाडीत आले तेव्हा मी सोळा-सतरा वर्षांची असेन. नवरा मुंबईला गिरणीत. घरी मी, सासू आणि सासरे. त्या साली गावदेवाला बोकड द्यायची पाळी आमच्या घराची होती. वाडीची रीत अशी, की देवाच्या नावाचा बोकड बाकीच्या शेरडांबरोबर डोंगरावर धाडायचा नाही. भादव्यापासून चैत्रापर्यंत त्याला झऱ्याकाठी बांधायचा, कारण अख्खं रान वाळलं तरी तिथलं गवत हिरवं असायचं. देवाचं जनावर, त्यानं वाळकं का खावं? चैत्रात बोकड कापला की आधी कलेजी काढून पळसाच्या पानावर देवापुढे ठेवायची. ती चांगली निघाली तर देवानं बोकड घेतला. नाही निघाली तर त्याच घरानं पुढच्या साली पुन्हा द्यायचा, आणि खोट कुणाची ते शोधायचं.

बोकडाची खुंटी हलवायचं काम माझं. मी बाजूला बसलेली असले तरी सासू ओटीवरून सांगायची, "जा गो, माझं गुडघं धरल्यात. झऱ्यावर कोण बघतंय तुला?" मी जायची.

माघात बोकडाच्या जबड्याखाली सूज आली. दिवसभर मान खाली घालून चरला की संध्याकाळी तिथं पिशवी लोंबायची, सकाळी ओसरलेली असायची. पापणी उलटून बघितली तर आत पांढरीफटक. मी सासऱ्यांना सांगितलं. ते म्हणाले, "देवाचा बोकड हाय, अंगाला लागलंय त्याच्या. तू नको शिकवू." बरं बाबा, नाही शिकवत.

चैत्रात बोकड कापला. पुजाऱ्यानं कलेजी बाहेर काढली आणि हातात धरूनच राहिला. लाल नव्हतीच ती. फिकट, गाठीगाठींची आणि भेगाळलेल्या टाचेसारखी घट्ट. सुरी जोर लावून दाबली तेव्हा आत पांढऱ्या जाड नळ्या दिसल्या, आणि त्यांतून करवंदीच्या पानाएवढे चपटे किडे बाहेर आले. बायकांनी पदर तोंडाला लावले.

"बोकड कोण बांधीत होतं?" पुजाऱ्यानं विचारलं.

मी सासूकडे बघितलं. तिनं डोळासुद्धा न हलवता सांगितलं, "हीच. कावळा शिवला तरी हीच जायची. मी नाय म्हणत होते, ऐकते कुठं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंड उघडलं तर सासरे म्हणाले, "गप." दुसऱ्या दिवशी त्यांनी मला वरंधजवळ माहेरी आणून सोडलं. उंबऱ्याबाहेर उभं राहून, पाणीही न घेता बापाला सांगितलं, की पुढच्या चैत्रात देवानं बोकड घेतला तर पोरीला परत नेऊ, नाहीतर मुलाला दुसरी बघू. नवऱ्याचं पत्र आलं, त्यातही हेच होतं. म्हणजे माझा संसार आता एका बोकडाच्या पोटात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही.

पावसाच्या तोंडावर बापाचा बैल खंगला, म्हणून त्याला महाडला गुरांच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. मी हट्टानं बरोबर गेले. डॉक्टर तुसडा होता, पण विचारलं त्याचं उत्तर देत होता. मी बोकडाची सूज सांगितली, किडे सांगितले. तो म्हणाला, आजारी जनावराच्या लेंडीतून किड्यांची अंडी पाण्यात पडतात. तिथल्या बारक्या गोगलगाईच्या अंगात अंड्यांतली पिल्लं वाढतात आणि मग बाहेर पडून काठच्या गवताला चिकटतात. बोकड ते गवत खातो. पिल्लं कलेजी पोखरत पोखरत पित्ताच्या नळ्यांत जाऊन बसतात. पोखरलं तिथं जखम, जखम भरली तिथं वण. वणावर परत जखम, परत वण. "असं होत होत चांगली कलेजी संपते, नुसता वण उरतो," तो म्हणाला. "रक्त कुठून राहणार मग?"

मी विचारलं, "बाईमाणूस शिवलं तर होतं का हे?"

"ते त्या गोगलगाईला विचारा," तो म्हणाला, आणि माझ्याच सांगण्यावरून त्यानं चिठ्ठी लिहून दिली: बोकड झऱ्याकाठी बांधू नये, कोरड्या डोंगरावर चारावा. मी चौथी शिकलेली. घरी येईपर्यंत ती चिठ्ठी मी चारदा वाचली.

बापानं ती सासऱ्यांना नेऊन दिली. त्यांनी दोनदा वाचली, घडी घालून टोपीत ठेवली. आणि त्या वर्षी देवाचा बोकड डोंगरावर शेरडांत चरत होता, हे बापानं जाऊन डोळ्यांनी बघितलं. वाडीला सासऱ्यांनी सांगितलं होतं, झऱ्यावर वाघरू येतंय.

चैत्रात मला बोलावणं आलं. बापाबरोबर मी देवळाच्या खालच्या अंगाला उभी राहिले. पुजाऱ्यानं कलेजी काढली. लालबुंद, मऊ, तळहातावर थरथरणारी. मी वर्षभरात पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

पुजाऱ्यानं ती सगळ्यांना दिसेल अशी धरली. "बघा," तो म्हणाला, "औंदा बाईचा हात लागला नाय, देवानं बोकड घेतला." सगळ्यांनी माना डोलावल्या. सासूनं तर हात जोडले.

मी पुढे झाले. बायकांनी जायचं नाही तिथपर्यंत गेले. म्हटलं, "मामंजी, ती चिठ्ठी दाखवा सगळ्यांना."

सासऱ्यांनी टोपी सारखी केली. माझ्याकडे बघितलं, मग पुजाऱ्याकडे.

"कसली चिठ्ठी?" ते म्हणाले.

मागं बाप होता. त्यानं माझा दंड धरला आणि हळूच म्हणाला, "गप गो. घरात घेतायत ना?"

मग निखाऱ्यावर भाजलेल्या कलेजीचा एक तुकडा सासऱ्यांनी स्वतः पानावर घेतला आणि माझ्यापुढे धरला. "खा," म्हणाले. "देवानं माफ केलं तुला."

सगळी वाडी बघत होती. मी खाल्ला.