महाराजांचं आडनाव

जालन्याच्या मस्तगड भागातल्या 'अन्नछाया' भोजनालयाला पन्नास वर्षं झाली म्हणून रविवारी सकाळी मंगल कार्यालयात जंगी सोहळा ठेवला होता. ज्याच्या हातच्या येसराच्या, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाच्या, आमटीनं त्यातली चौतीस वर्षं गाजवली, तो भिवा पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर अवघडून बसला होता. जन्म भट्टीसमोर उभं राहण्यात गेलेला माणूस, त्याला पाठ टेकायची सवय कुठली?

भिवा जाफराबादकडच्या एका खेड्यातला. पंचविशीत जालन्याला आला आणि 'अन्नछाया'त भांडी घासायला लागला. एक दिवस आचारी आलाच नाही, तेव्हा भिवानं आईच्या पद्धतीची आमटी करून वाढायला दिली. गिऱ्हाइकं बोटं चाटत राहिली. मालक अण्णासाहेब पक्के व्यापारी. त्यांनी भिवाला बाजूला घेतलं.

"उद्यापासून आमटी तूच करायची. पण कुणी विचारलं तर महाराज, इतकंच सांगायचं. आडनाव न्हाई. झाकली मूठ सव्वा लाखाची."

भोजनालयातल्या आचाऱ्याला महाराज म्हणायची रीतच आहे. आणि महाराज म्हटलं की लोक त्याची जातही आपणच ठरवून मोकळे होतात. भिवाचं आडनाव वाहूळ. ते कळलं असतं तर आमटीला नावाजणाऱ्यांतल्या निम्म्यांनी ताटं सरकवली असती, हे अण्णासाहेबांना ठाऊक होतं आणि भिवालाही. मग काय, घरी बुद्धवंदना आणि भोजनालयात महाराज, असा संसार झाला. त्याच भट्टीच्या कमाईवर मुलगी सुमेधा शिकली आणि जाफराबादच्या एका शाळेत शिक्षिका झाली.

मागच्या महिन्यात तिथंच माशी शिंकली. मधल्या सुट्टीत 'अन्नछाया'च्या आमटीचा विषय निघाला आणि सुमेधा अभिमानानं म्हणाली, "ती माझे बाबा करायचे." सगळे हसले. एक बाई म्हणाल्या, "वाहूळ मॅडम, कायबी काय बोलून राह्यल्या! ते महाराज जांब समर्थकडचे बामण हायेत. आमच्या सासऱ्याला बराबर म्हाईत हाय."

सुमेधा घरी येऊन रडली. "बाबा, मी खरं बोलले आन् मलाच खोटं पाडलं."

पोरीचे ते शब्द भिवाच्या काळजाला घरं पाडून गेले. आता भोजनालय अण्णासाहेबांचा मुलगा अवधूत चालवतो. भिवानं त्याला फोन केला. "भाऊ, सत्काराच्या वक्ताला माझं पुरं नाव घ्या. दुसरं काहीच नको मला."

"बिलकुल घेऊ, काका," अवधूत म्हणाला.

म्हणून आज सुमेधा मागच्या रांगेत मोबाइल धरून बसली होती. व्हिडिओ काढायचा, शाळेत दाखवायचा आणि त्या बाईंचं तोंड बंद करायचं. शेजारी तिची आई सत्यशीला, ठेवणीतली पांढरी साडी नेसून.

"आणि आता आपले लाडके महाराज!" असा पुकारा झाला. टाळ्यांचा कडकडाट झाला. भिवा गुडघे धरत पायऱ्या चढला. अवधूतनं शाल पांघरली, हातात नारळ दिला. भिवा त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. अवधूतनं समोर बसलेल्या जुन्या गिऱ्हाइकांवरून एकदा नजर फिरवली आणि माइक भिवाच्या पुढं केला.

"नाव तुम्हीच सांगा ना, काका. तुमच्याच तोंडून चांगलं वाटंल."

अवधूत तसा वाईट नाही. पण अवघड काम दुसऱ्याच्या गळ्यात मारायची कला त्यानं बापाकडून बरोबर उचलली आहे.

भिवानं माइक घेतला. तीनच शब्द होते, भिवा रखमाजी वाहूळ. सकाळपासून त्यानं ते मनात घोळवले होते.

"मी भिवा..." त्यानं सुरुवात केली.

तेवढ्यात रामराव काठी टेकत वर आले. बँकेतून निवृत्त झालेले, ऐंशीचे, 'अन्नछाया'चे रोजचे गिऱ्हाईक. कुणाला कळायच्या आत ते वाकले आणि त्यांनी भिवाचे पाय धरले.

"महाराज, बायको गेली तवापासून बारा वर्षं तुमच्याच हातचं जेवलो. तुमच्यासारख्या पुण्यवान माणसाचं अन्न नशिबात होतं. आशीर्वाद द्या."

पाय मागं घ्यायचे आणि नाव पुरं करायचं, एवढंच काम होतं. भिवाला ते कळत होतं. पण रामरावांचे हे डोळे आत्ता भरून आलेत, वाहूळ ऐकल्यावर ते कसे होतील, याची त्याला भीती वाटली. त्याचा हात उचलला गेला आणि रामरावांच्या डोक्यावर टेकला.

"सुखी राहा," भिवा म्हणाला. माइक तोंडाशीच होता, सगळ्या कार्यालयानं ऐकलं. टाळ्या थांबेनात.

भिवा खाली आला तेव्हा लोक जेवणाकडे निघाले होते. सत्यशीला भिंतीकडे बघत होती. सुमेधानं मोबाइल मांडीवर ठेवला होता.

"जीभच वळली न्हाई, बाई," भिवा लेकीला म्हणाला. त्याला स्वतःची लाज वाटत होती आणि ती लपवायला जागा नव्हती.

सुमेधा चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. "बाबा, हे शाळेत कसं दाखवू? याच्यात तर त्या बाईच खऱ्या निघाल्या. तुमी तर आशीर्वाद पन दिला."

तिनं व्हिडिओ पुसून टाकला.

"महाराज, चला, पहिलं पान तुमचं!" पंगतीतून कुणीतरी हाक मारली.

आणि चौतीस वर्षांच्या सवयीनं, पोरीसमोरच, भिवाच्या तोंडून निघून गेलं, "आलो."