तरण्या स्क्रूंची पाटी

मल्लाप्पा मिस्त्री कधी बसून चहा पीत नसत. उभ्यानंच बशी तोंडाला लावायची आणि दुसऱ्या हातानं शेजारच्या गाडीचं बोनेट चाचपत राहायचं. अक्कलकोट रोडला त्यांचं गॅरेज होतं. शाळा दुसरीपर्यंत. मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर, म्हणून मला नावानं कधी हाक मारली नाही. “काय बीए,” एवढंच.

पंचाहत्तर सालच्या सुमाराला त्यांच्या कानावर आलं, की मंद्रूपजवळच्या एका वस्तीवर कडब्याखाली जुनी विलायती मोटार पडलीय आणि घरची पोरं ती भंगारात देणार आहेत. त्या दिवसापासून मिस्त्रींना अन्न गोड लागेना. इंग्रजी वाचायला म्हणून मला मोटारसायकलवर मागं बसवलं. वाटेत टायर बघायला दोनदा थांबले. टायरला काहीही झालेलं नव्हतं.

पोचलो तर भंगारवाला आधीच हजर. मी पुढं होऊन मोटारीच्या तोंडावरची पाटी पुसली, नाव वाचलं आणि ऐटीत सांगून टाकलं, की ही साधीच गाडी, असल्या पूर्वी गावोगाव होत्या. शिकलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर संपलंच, असं म्हणून थोरल्या मुलानं भंगारवाल्याला खूण केली. त्यानं छन्नी काढली.

मिस्त्री पाटीवर वाकले. “पाटी म्हातारी हाय, पण स्क्रू तरणं हायती की. मागनं बसिवलीय कुणी तरी.”

त्यांचं कोण ऐकतो? ते मोटारीभोवती येरझारा घालायला लागले. इंजिनावर ठोकलेला नंबर पुटपुटत त्याच नंबराची कंपनीची पट्टी शोधत होते. मग घरच्या म्हातारीपाशी एकदम थांबले.

“आक्का, खंडेनवमीला मोटारीला कुंकू कुटं लावताय?”

आक्कांनी बोनेटखाली, इंजिनामागच्या पत्र्यावर बोट दाखवलं. तिथं तेला-कुंकवाचा बोटभर थर. आक्कांचे मालक हयात होते तेव्हापासूनचा. खरवडायचा न्हाय, म्हणाल्या. मिस्त्रींनी चपला काढल्या.

“तुमीच पुसा. मी हात लावत न्हाय.”

आक्कांनी आधी कुंकवाला हात जोडले. मग रॉकेलचा बोळा मागवला. थराखालून पितळेची पट्टी निघाली, कालच बसवल्यासारखी. त्यावर कंपनीचं नाव निराळंच होतं. मी नंबर वाचला. इंजिनावरचाच.

“पुन्यांदा वाच,” मिस्त्री म्हणाले. पोरवयात संस्थानच्या गॅरेजात त्यांनी अशी एकच मोटार बघितली होती, तीही लांबून.

आक्का भंगारवाल्याला म्हणाल्या, “छन्नी पिशवीत घाल, बाबा.”

मिस्त्रींनी ती मोटार धुऊ दिली नाही, रंगवूही दिली नाही. तिचा चेहरा तिला ऱ्हाऊ द्या, म्हणाले. फक्त पुढची पाटी उतरवली आणि स्क्रूंसकट माझ्या हातात ठेवली.

“घे बीए. तुजी दुसरी पदवी.”

मिस्त्री जाऊन बरीच वर्षं झाली. माझ्या पदवीच्या फ्रेमशेजारी ती पाटी आहे, त्याच दोन स्क्रूंनी बसवलेली. पाहुणे खुर्चीतूनच नाव वाचतात आणि विचारतात, ही गाडी होती का तुमच्याकडं?

मी म्हणतो, उठा, आधी स्क्रू बघा.