चिंधी बांधलेली झाडं

आमच्या गावात वाटाण्याची रीत सोपी होती. टपोऱ्या शेंगा खायच्या, उरल्यासुरल्या बियाण्याला ठेवायच्या. माझी माय नेमकं उलटं करायची. विहिरीजवळच्या वाफ्यात एका देठाला दोन शेंगा धरणारं, शेंगेत नऊ-नऊ दाणे भरणारं एखादंच झाड निघायचं. त्याला ती लुगड्याची चिंधी बांधायची, शेंगा झाडावरच वाळू द्यायची आणि पुढच्या साली तेच पेरायची. वाफा तेवढाच राहिला, टोपली मात्र दरवर्षी जड होत गेली. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी हुशार ना, मला वावरात कोण धाडतंय!

भूकंपात घर बसलं. आम्ही वाचलो. मायनं ढिगाऱ्यातून बियाण्याचं फुटकं गाडगं उकरलं, हाती लागलं तेवढं सगळं पेरलं. मागं एक दाणा उरला नाही.

त्या वर्षी मी अकरावीला, लातूरच्या क्लासला होते. येळवशीच्या, म्हणजे वावरात पूजा करायच्या अवसेच्या, आदल्या दिवशी पत्र्याच्या शेडात घरी आले. माय आंबिलीसाठी ताक आणायला निघाली होती. "भज्जीला वाटाणा आन तोडून," म्हणाली. येळवशीच्या या मिसळ भाजीचा वाटाणा दरवर्षी ती स्वतःच तोडायची. वाफ्यात चिंध्या दिसल्या. मला वाटलं, उद्याच्या पूजेसाठी राखलेली झाडं असतील. तीच खुडली, एक शेंग सोडली नाही.

माय आली तेव्हा मी आणि काकू शेंगा सोलून बसलो होतो.

"चिंधीची झाडं सोडलीस न्हवं?"

"तीच तर आणली. देवाची म्हणून."

माय मटकन खाली बसली. "आगं, ते बी व्हतं. माझी समदी वर्सं त्यात व्हती." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. क्लासात त्याच महिन्यात अनुवंशाच्या धड्यात मला पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते.

मग ती एकदम उठली. भज्जीला न चालणारे निबर दाणे काकूनं टरफलांसोबत देवणी गाईपुढं टाकले होते. मायनं गाईचं तोंड बाजूला सारलं आणि टरफलं चिवडायला लागली. मीही शेजारी बसले. अंधार पडेपर्यंत पेरण्याजोगे मूठभर दाणे निघाले.

त्या मुठीवर आज आमचं शिवार आहे. येळवशीला गावातल्या घरोघरच्या भज्जीत मायचाच वाटाणा शिजतो, बियाणं मागायला उदगीरकडची माणसं येतात. माझ्या सगळ्या पदव्या एका पारड्यात टाकल्या तरी ती मूठ जड भरेल.

आता मीच लातूरच्या क्लासात तो धडा शिकवते. एकदा मायला पहिल्या बाकावर बसवलं. बागेत वाटाणे लावून झाडं मोजत बसलेल्या परदेशी संन्याशाची गोष्ट तिनं कान देऊन ऐकली. तास संपल्यावर शेकडो पोरांदेखत म्हणाली, "संन्याशी व्हता म्हून निभावलं त्याचं. घरात शिकलेली लेक न्हवती ना."