कल्याणच्या खाडीतली झडती

पुण्याहून सकाळच्या गाडीने निघाले तेव्हा माझ्याजवळ एक वळकटी, एक डबा आणि कस्टम खात्याचा चार दिवसांचा हुकूम होता. कल्याण बंदरावर बायकांची झडती घेणारी बाई आजारी पडली होती. बाईची झडती बाईनेच घ्यायची असा कायदा, आणि आमच्या पुण्याच्या कचेरीत बाई म्हणजे मी एकटी. आजवर मी फक्त टाइप करत आले होते. खाडी तर कधी पाहिलीही नव्हती.

कल्याणला उतरून टांग्याने बंदरावर गेले. ओहोटी होती. काळ्या चिखलात माचवे (शिडाच्या मोठ्या होड्या) कलंडून पडले होते, काठावर कौलांचे आणि गवताचे ढीग. चौकीपर्यंत जाताना एक पाय घोट्यापर्यंत रुतला आणि चप्पल आतच राहिली. एका शिपायाने ती काठीने उकरून दिली.

पत्र्याच्या चौकीत इन्स्पेक्टर कारखानीस बसले होते. पन्नाशीचे, मोजकं बोलणारे.

"झडती घेतलीय कधी?"

"नाही, साहेब."

"लाजायचं नाही आणि दयाही दाखवायची नाही. दमणला पोर्तुगीज आहेत तोवर सोनं आणि घड्याळं या खाडीतून येत राहणार. पुरुषांना आम्ही तपासतो. म्हणून आता बायकांच्या हाती माल देतात."

पहिले दोन दिवस मला सुकट, मशेरीच्या पुड्या आणि एका म्हातारीच्या पदराखाली कोंबडीची दोन पिल्लं सापडली. ती तिला परत दिली तेव्हा तिने मला तिच्या गावच्या जत्रेचं आवतण दिलं.

तिसऱ्या दिवशी भरतीच्या वेळी आम्ही लाँचने खाली निघालो. डावीकडे डोंबिवलीची भातखाचरं, स्टेशनच्या बाजूला थोडी कौलारू घरं, काठाने तिवरांची (खारफुटीची) हिरवी भिंत, समोर पारसिकचा डोंगर. लाँचच्या तांडेलाने (होडी चालवणाऱ्याने) तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी पुढे केली. मी सुकट खात नाही. भाकरी चहात बुडवून खाल्ली. त्याला ते काही आवडलं नाही.

मोठागावाजवळ वसईकडून येणारा एक माचवा दिसला. कारखानीसांनी हात करून तो थांबवला आणि मला हळूच म्हणाले, "खबर याच होडीची आहे. गरोदर बाई. पोट खोटं आहे म्हणतात."

होडीत मधोमध एक विशीतली पोर बसली होती. शेजारी तिची आई, जनाबाई. लेकीला सासरहून पहिल्या बाळंतपणासाठी कल्याणजवळच्या माहेरी नेत होती. मी शिडाचं कापड आडवं बांधायला लावलं आणि आत गेले.

"बाय, हात नको लावू गो तिला," जनाबाई म्हणाली. "सकालपासून कला येतान."

मी हात लावला. कळेने पोट दगडासारखं घट्ट झालं होतं, आणि आतून काहीतरी हललं. पोरीने माझं मनगट इतक्या जोरात धरलं की बांगडी पिचली. तिचं लुगडं खालून भिजलं होतं.

तिच्या पाठीखाली द्यायला मी शेजारची वाकळ (जुन्या लुगड्यांची गोधडी) ओढली. तिची घडी करताना बोटांना गोल, कठीण गाठी लागल्या. एक, मग दुसरी, मग कडेने ओळीने. घड्याळं होती. मी जनाबाईकडे पाहिलं. ती लेकीकडे बघत होती.

बाहेरून कारखानीसांचा आवाज आला, "बाई, काय आहे?"

इथेच सांगितलं असतं तर पंच शोधायला गावात माणूस गेला असता. पंचनामा, जबान्या, सह्या. तोवर भरती सरली असती आणि आम्ही सगळे चिखलात बसलो असतो.

"पोट खरं आहे, साहेब," मी म्हणाले. "अंगावर काही नाही. हिला लाँचवर घ्या, आत्ता. नाहीतर इथेच होईल."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे रोखून पाहिलं. मग माचव्यावर एक शिपाई ठेवला आणि पोरीला उचलून लाँचवर घेतलं. वाकळ मी काखेत धरली होती. ती मी कुणाच्या हाती दिली नाही.

कल्याणच्या दवाखान्यात पोहोचल्यावर तासाभरात मुलगी झाली. ती रडल्याचं व्हरांड्यात ऐकलं, आणि मग मी वाकळ कारखानीसांसमोर ठेवली.

"हे होडीतच कळलं होतं तुम्हाला?"

"हो."

"मला लिहावं लागेल."

"लिहा, साहेब."

जनाबाईने जबानीत काही लपवलं नाही. होडीवाल्याने भाडं घेतलं नव्हतं. तिची वाकळ एक दिवस मागून नेली, शिवून परत दिली आणि कल्याणला आपला माणूस येऊन आतलं काढून घेईल म्हणाला. आत काहीतरी आहे हे तिला ठाऊक होतं. होडीवाल्याला बंदरावरच धरलं. जनाबाईला साक्षीदार केलं.

परतीच्या दिवशी दवाखान्यात गेले. जनाबाईने पहिलं हेच विचारलं, "वाकल मिलल का गो? माझे आयची लुगरी हान तिच्यान."

वाकळ उसवून, मोहोर लावून मुद्देमालात गेली होती. मी तसं सांगितलं. खटला संपेपर्यंत नाही, नंतरचंही सांगता येत नाही. मग ती नातीला माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "धर जरा. मी चूल बगून येते." दवाखान्यामागे तिने लेकीच्या पेजेसाठी चूल मांडली होती. मी तासभर त्या मुलीला घेऊन बसले. गाडी चुकली. संध्याकाळच्या गाडीने पुण्याला आले.

पुढे महिन्याभराने कचेरीत माझ्या नावाचा कागद आला: माल सापडल्याचं तत्काळ का कळवलं नाही, याचा खुलासा करावा. चार दिवसांत मी कायदाही शिकले होते आणि तो कुठे थांबवायचा हेही. पण असं खुलाशात लिहिता येत नाही. घडलं ते क्रमाने टाइप केलं. शेवटी एक वाक्य आलं: "पुन्हा तसा प्रसंग आल्यास मी हेच करीन." हेडक्लार्क म्हणाले, एवढं काढून टाका, प्रकरण मिटेल. मी कागद मशीनमधून काढला आणि खाली सही केली.